शेरामागे कोण राहतं?

२०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीत रस्त्याकडेच्या झोपडपट्ट्यांपुढे स्पर्धांचे भलेमोठे फलक उभे राहिले. त्यांवरून शेरा नावाचा वाघ हसतमुखाने स्वागत करत होता. या फलकांची फार चेष्टा झाली आणि ती अन्यायाची होती. त्या अख्ख्या खटाटोपात इतकं प्रामाणिक बांधकाम दुसरं नव्हतं. सरकारला नेमकी कशाची लाज वाटते, याचा एवढा चोख नकाशा कुठल्या जनगणनेने दिलाय? शेरा दिसला की समजायचं, मागे वस्ती आहे. १९३६ साली बर्लिनने ऑलिम्पिकपुरत्या दर्शनी भागातल्या ज्यूविरोधी पाट्या उतरवल्या आणि रोमा कुटुंबांना धरून मार्झानला, मैलापाण्याच्या शेतांशेजारी, नेऊन टाकलं. त्या पाट्या पाहुण्यांना दाखवण्याजोग्या नाहीत हे लावणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं, याला आणखी पुरावा नको. प्रतिमा उजळायला निघालेला यजमान पहिल्यांदा स्वतःचा कबुलीजबाबच लिहून देतो.

यावर कुणी म्हणेल, स्पर्धांमुळे शहरं खरंच सुधारतात. सुधारतात की! बार्सिलोनाने १९९२ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने कारखान्यांनी आणि रेल्वेरुळांनी अडवलेला समुद्रकिनारा मोकळा केला. पण तिथे काही झाकलं नाही, उघडलं. आणि ते आधी गावकऱ्यांच्या कामाचं होतं, मग पाहुण्यांच्या. दिल्लीलाही विमानतळाचं नवं टर्मिनल मिळालं. तिथून शहरात आणणारी मेट्रो मात्र फेब्रुवारी २०११ मध्ये धावली, पाहुणे घरी पोहोचून चार महिने झाल्यावर. बरं, पदकांचं काय? १०१ मिळाली, देश दुसरा आला. खेळाडूंपुढे कुणाला फलक लावावा लागला नाही, हे नोंदवलंच पाहिजे. तरी जगभर गाजला तो मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल, उद्घाटनाला दोन आठवडेही उरले नसताना कोसळलेला. आणि क्रीडाग्रामातल्या घाणीवरचा खुलासा: त्यांच्या आणि आपल्या स्वच्छतेच्या कल्पना वेगळ्या असतात! हे आयोजकांच्याच तोंडून आलं. त्याच्यापुढे लावायला फलक सापडला नाही.

आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेत. तिथे तयारी पुढे आहे म्हणायची. विमानतळाकडून येणाऱ्या रस्त्यावर झोपडपट्टीपुढची भिंत २०२० मध्येच, ट्रम्प यांच्या स्वागताच्या वेळी, बांधून झाली. महापालिकेने सांगितलं होतं, ती अतिक्रमण रोखण्यासाठी आहे.