मुरूमभक्त

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत रस्त्याचा विषय निघाला की माणसांचे दोनच प्रकार पडत: ज्यांच्या दारापर्यंत डांबर आलंय ते, आणि ज्यांच्या दारापर्यंत ते यायचंय ते. अलीकडे यात तिसरा प्रकार उगवला आहे. याच्या दारात काँक्रीट आहे, गावाला खेटून चौपदरी पालखी महामार्ग गेला आहे, आणि याला सायकलसाठी हवा आहे मुरमाचा रस्ता. ग्रामसभेत जे लोक घसा कोरडा करून मागतात, नेमकं तेच याला नको असतं. हा एमआयडीसीत अधिकारी असेल, दाताचा डॉक्टर असेल, नाहीतर कृषी सेवा केंद्राचा मालक. वय पंचेचाळीस, रक्तदाब काठावर आणि सायकल नवी. लोक त्याला विकासाचा विरोधक समजतात, आणि बारामतीत राहून विकासाला विरोध म्हणजे देवळात राहून देव नाकारण्यातला प्रकार. माझ्या मते हा आरोप साफ चुकीचा आहे. मुरूमभक्त हे विकासाचं सर्वात पिकलेलं फळ आहे. जिथे डांबर पोचलेलं नाही तिथे हा माणूस औषधालाही सापडणार नाही.

पुरावा म्हणून त्याची सायकलच घ्या. फ्रेम क्रोमोली पोलादाची, टायर चाळीस मिलिमीटरचे, किंमत घरात सांगितलेली वेगळी आणि बिलावरची वेगळी. कार्बनची का नाही घेतली, असं त्याला विचारू नये. विचारलंच तर पोलाद धक्के कसं पचवतं, १९३५ साली इंग्लंडात रेनॉल्ड्स ५३१ नावाची नळी निघाली तिने काय क्रांती केली, आणि मोडलीच तर ही फ्रेम कुठल्याही खेड्यात वेल्डिंग करून मिळते, हे सगळं ऐकावं लागतं. शेवटचा मुद्दा तो विशेष अभिमानाने सांगतो. ट्रॉलीचे हूक जोडण्यात हयात गेलेल्या वेल्डरच्या हाती एक मिलिमीटरहून पातळ पत्र्याची नळी दिली तर तिचं काय होईल, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला नाही. यावर जुनी माणसं म्हणतात, यात नवं ते काय? दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकवून, वीस किलोच्या घरातली पोलादी सायकल आमचे दूधवाले याच मुरमावरून रोज हाकत होते. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्याच बाजूने पडतो. दूधवाल्याला दुसरा रस्ता नव्हता. मोटारसायकल परवडताच त्याने ती सायकल भिंतीला टेकवली आणि मागे वळून पाहिलं नाही. तशाच दणकट सायकली घरोघर पोचवणाऱ्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये, तोही नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. गरजेचं पोलाद भंगारात गेलं आणि हौसेचं पोलाद शोरूममध्ये आलं. या दोन घटनांच्या मध्ये जे काही घडलं त्यालाच आपण प्रगती म्हणतो.

आता त्याचा खरा खेळ पाहू, म्हणजे नियोजन. श्रावणातच मोबाइलवर नकाशे उघडले जातात, ग्रुपवर मार्ग पडतात, आणि दसऱ्यानंतरचा पहिला रविवार मुक्रर होतो. मार्ग तीन. पहिला नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून सणसरकडे. दुसरा मोरगाव-सुप्याच्या माळाने. तिसरा, सर्वात लाडका, भिगवणजवळ डिकसळवरून पळसदेवच्या अंगाने उजनीच्या फुगवट्याच्या काठाकाठाने. कागदावर तिन्ही सुंदर आहेत. अडचण एवढीच की पश्चिमेच्या मावळासारखा आषाढात कोसळून मोकळा होणारा हा मुलूख नव्हे. पर्जन्यछायेतल्या या पट्ट्याचा भरवसा भाद्रपद-आश्विनातल्या परतीच्या पावसावर. म्हणजे शेतकरी आभाळाकडे पाहून हस्त बरसू दे म्हणतो, त्याच आठवड्यात मुरूमभक्त त्याच आभाळाकडे पाहून उलटी प्रार्थना करतो. आणि हस्ताने अजून तरी सायकलवाल्यांचं ऐकल्याची नोंद नाही. पाऊस पडला की मार्गातला काळ्या मातीचा टप्पा चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये असा भरतो की सायकल माणसावर बसते. फुगवट्याच्या मार्गाची कथा तर आणखी बहारीची. त्याने उपग्रहाच्या चित्रात जी ठसठशीत पायवाट पाहिली ते चित्र उन्हाळ्यातलं. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं आणि त्याचा मार्ग पाण्याखाली असतो. त्या मार्गावर त्याने रोहित पक्ष्यांसाठी अर्धा तासही राखून ठेवलेला असतो. पण पाणी ओसरून चिखलाचा काठ उघडा पडल्याखेरीज रोहितांची गर्दी होत नाही. पक्षी नकाशा पाहून येत नाहीत, गाळ पाहून येतात.

मग तारीख सरकते, दिवाळीनंतरवर. तोवर मुरूम वाळतो हे खरं, पण त्याबरोबर सराटेही वाळतात. ट्यूबलेस टायरमध्ये भोक बुजवणारा पांढरा द्रव ओतला की सराट्याची भीती नाही, असं तो म्हणतो. वेड्या बाभळीच्या काट्याला हे अद्याप कुणी कळवलेलं नाही. त्यातच कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरकडे जाणारा प्रत्येक रस्ता दोन-दोन ट्रॉल्यांच्या ताब्यात जातो. मुरमावर जायला आधी डांबर ओलांडावं लागतं, आणि डांबरावर उसाच्या ट्रॉलीमागे, मोठ्या आवाजातल्या गाण्यांच्या तालावर, पाचट चुकवत जाण्याला अजून तरी कुणी निसर्गसान्निध्य म्हटलेलं नाही.

इथे टीकाकार हसतात: मग हा सायकल चालवतो की नुसता बेत करतो? बेतच जास्त करतो. पण त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. या दोन तालुक्यांत तारखेवर कोण चालतं? ऊस लावल्याची नोंद वेळेवर होते, पण तोडीचा प्रोग्राम कधी लागेल ते कारखान्याच्या चिटबॉयलाही सांगता येत नाही. कालव्याचं आवर्तन जाहीर होतं एका तारखेला, आणि टेलच्या शेतात पाणी पोचतं ते सवडीने. पाण्याची पाळी, कारखान्याची तोड, यांची वाट पाहत आयुष्य काढलेल्यांच्या पोटी हा जन्मला आहे. पक्का आराखडा आणि कच्ची तारीख हा त्याला मिळालेला वारसा आहे. सायकल फक्त नवी.

दुसरा बचाव त्याचे मित्र करतात: त्याला निसर्गाची ओढ आहे. यातलं निम्मं मी मान्य करतो. माळरान म्हणजे पडीक जमीन असं समजणाऱ्या मुलखात, कडबनवाडीच्या आणि शिर्सुफळच्या गवतात चिंकारा आणि लांडगा राहतो हे ठाऊक असलेला तो मोजक्यांपैकी एक आहे, आणि त्याबद्दल त्याला शंभर गुन्हे माफ. पण तिथे वनखात्याने सफारीची रीतसर सोय केलेली असताना गवतातून मधली रेघ ओढणं, हा त्या शंभरानंतरचा एकशे एकावा. आणि बाकीचा त्याचा ‘निसर्ग’ तपासून पाहिला तर कालव्याचा भराव जलसंपदा खात्याचा, फुगवटा धरणाचा, सावली उसाची. ज्याला तो मोकळं रान म्हणतो ते बहुतेक सगळं सरकारी खर्चाने बांधलेलं आहे.

उरली पाणंद. कच्च्या रस्त्यावरच्या या सायकलखेळाची पंढरी अमेरिकेतलं कॅन्सस. तिथे एम्पोरिया गावातून २००६ पासून दोनशे मैलांची खडीवरची सायकल शर्यत निघते. तिथल्या शेतांमधले खडीचे रस्ते मैलामैलाच्या चौकटीत फूटपट्टीने आखलेले. आपली पाणंद बांधाबांधाने वळते आणि प्रत्येक वळणावर दोन भाऊबंदांचं भांडण असतं. नकाशावर दिसते ती रेघ; जमिनीवर दिसतो तो बांध कोरून आत सरकलेला ऊस. रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागायची, बांधावरून नवी वाट हवी असेल तर महसूल अधिनियमाचं कलम १४३, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. मुरूमभक्ताला ज्या पाणंदीचा खडबडीतपणा अस्सल वाटतो, तो अनेकदा तहसीलदारासमोर प्रलंबित असतो. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेत आणि पाणंद रस्ते पक्के करण्याचं काम निघालं तेव्हा त्याच्या ग्रुपवर हळहळ व्यक्त झाली, चांगले मार्ग संपत चालल्याची. ही हळहळ दांभिक म्हणता येणार नाही, कारण ती अगदी मनापासूनची असते. फक्त त्याच्या वडिलार्जित पाच एकरांकडे जाणाऱ्या वाटेपुरती ती लागू नसते. त्या वाटेचं खडीकरण तातडीने व्हावं, असा अर्ज ग्रामपंचायतीत पडलेला आहे, आणि त्यावर पहिली सही त्याचीच आहे.