तोरा आणि तांबेरा

गंजलेल्या क्रोमला रंग देण्याच्या उद्योगात खरा अडथळा गंजाचा नसून न गंजलेल्या भागाच्या तोऱ्याचा असतो. गंज घासून निघतो, तोरा मात्र घासणाऱ्याचेच मनगट काढतो. मोटारसायकलच्या हॅण्डलवर, लेगगार्डवर किंवा हेडलाइटच्या कडीवर जी झळाळी दिसते ती बहुतांशी निकेलची असते, आणि तिच्यावरचा क्रोमचा मुलामा, म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेला थर, जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन, अर्थात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्माच असतो. या थरांतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत झिरपले की निकेल आणि क्रोम स्वतः शाबूत राहतात व खालच्या लोखंडाचा बळी देतात, त्यामुळे बाहेरून आरशासारखी दिसणारी वस्तू आतून पोखरलेली असू शकते. हे निरीक्षण येथे केवळ धातूंपुरते मर्यादित समजावे.

या धातूच्या नावातच एक थट्टा दडलेली आहे आणि विषयांतराचा दोष पत्करूनही ती सांगणे भाग आहे. १७९७ साली लुई-निकोला व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सैबेरियातून आलेल्या शिशाच्या एका तांबड्या खनिजात हा धातू शोधला, आणि त्याची संयुगे पिवळी, हिरवी, नारिंगी अशी नाना रंगांची निघतात म्हणून ग्रीक भाषेतील ‘क्रोमा’, म्हणजे रंग, या शब्दावरून त्याचे बारसे झाले. माणकाचा तांबडेपणा त्याचाच आणि पाचूचा हिरवेपणाही बव्हंशी त्याचाच. असा हा रंगांचा सावकार स्वतः मात्र रंगाचा थेंब अंगाला लावून घेत नाही, कारण हवेतील ऑक्सिजन घेऊन तो आपल्याभोवती एक निबर पापुद्रा तयार करतो आणि त्याच्या गुळगुळीत पाठीवर रंगाला पाय रोवायला जागाच उरत नाही. कोकणाने तर या थट्टेत भर घातली आहे: कणकवलीच्या परिसरात जमिनीच्या पोटात क्रोमाइट, म्हणजे क्रोमचे खनिज, आहे, आणि त्याच जिल्ह्यातले खारे वारे जमिनीवरच्या क्रोमला चार पावसाळेसुद्धा धड काढू देत नाहीत. हे सारे ज्ञान प्रस्तुत लेखकाने प्रत्यक्ष कामाला हात लावण्यापूर्वीच संपादन केले होते आणि भेटेल त्याला ऐकवलेही होते, ही बाब पुढील घटनाक्रम समजण्यासाठी आवश्यक आहे.

शास्त्र असे सांगते की सुटलेले पापुद्रे आधी ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडावेत, मग २२० आणि शेवटी पाण्यात भिजवलेल्या ४०० नंबरच्या वॉटरपेपरने सारा पृष्ठभाग, चकाकता भाग धरून, निस्तेज होईपर्यंत घासावा (येथे आकडा जितका मोठा तितका कण बारीक असतो), थिनरच्या बोळ्याने पुसावा, धातूला किंचित चावणारा आम्लयुक्त प्रायमर मारावा आणि त्यानंतरच रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. प्रस्तुत लेखकाने मात्र चकाकता भाग ‘चांगलाच आहे’ असे ठरवून फक्त गंज काढला, ऐन श्रावणातल्या दमट हवेत काळा रंग फवारला, आणि रंग वाळताना त्यावर धुकट पांढरेपणा आला तेव्हा त्यास ‘मॅट फिनिश’ असे नाव दिले. आठ दिवसांनी सापाने कात टाकावी तसा रंग नेमका चांगल्या भागावरून सुटून आला, आणि ज्यावर दया दाखवली नव्हती त्या गंजक्या भागावर तो घट्ट बसून राहिला.

ज्यावर हा प्रयोग झाला ते येझदी जातीचे दुचाकी वाहन, ज्याचे उत्पादन म्हैसूरच्या कारखान्यात १९९६ साली बंद पडले, कागदोपत्री लेखकाचे असले तरी वस्तुतः त्याच्या वडिलांचे होते. रविवारी रॉकेलचा बोळा आणि पावसाळ्याआधी ग्रीसचा हात, ही त्यांची निगा लेखकाला त्या काळी कंजूषपणाची वाटे. पुढे गाडी गावच्या पडवीत राहिली, लेखक पुण्यात राहिला, आणि ‘पुढच्या मे महिन्यात नक्की’ असे म्हणत त्याने जितके मे महिने काढले तितके पावसाळे त्या लोखंडावर मोजता येतील असे उमटलेले आहेत. गंजाचे कारण खारी हवा होय, असे लेखक आजही चारचौघांत सांगतो.

दुसऱ्या खेपेस सर्व काही शास्त्रानुसार करताना लेगगार्डवर वडिलांनी गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी सोडवावी लागली, तेव्हा तिच्याखाली काळ्या पडलेल्या ग्रीसचा जाड थर निघाला आणि तो पुसल्यावर वीतभर क्रोम नव्यासारखे निघाले, ज्यात लेखकाचे विरळ झालेले केस अनावश्यक स्पष्टतेने दिसले. शास्त्राप्रमाणे तो भागही ४०० नंबरने निस्तेज करणे प्राप्त होते. लेखकाने वॉटरपेपर भिजवून हातात घेतला, बराच वेळ धरला, आणि अखेर त्या वीतभर जागेवर कागदी टेप चिकटवून उर्वरित लेगगार्ड काळा केला. टेप काढल्यानंतर शेजाऱ्यांनी ‘एवढ्यासाठी रंग कमी पडला काय हो?’ असे विचारले असता लेखकाने, अर्धा डबा हातात असतानाही, होकारार्थी मान हलवली.