न घासता

आमच्या आईच्या राज्यात स्वच्छता म्हणजे घासणं, आणि घासणं म्हणजे राख. गोंदियात राखेला काय तोटा! उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांचे बॉयलर धानाच्या भुशावर पेटतात, आणि त्या भुशाच्या राखेत बहुतेक सगळी सिलिका, म्हणजे वाळूचंच सख्खं भावंड. मूठभर राख, नारळाची शेंडी आणि माझा उजवा खांदा एवढ्या सामग्रीवर पितळी गुंड लखलखायचा. गुंडाच्या गळ्याखाली बोटं पोचत नसत. पण ‘पोचत नाही’ ही सबब आईपर्यंत पोचत नसे.

त्यामुळे परवा आमगावहून येताना स्कूटर आचके देत बंद पडली आणि मेकॅनिकने तिचा इंजेक्टर काढून तळहातावर ठेवला, तेव्हा माझी नजर आपोआप ब्रश शोधू लागली. १ एप्रिल २०२०ला धुराचे बीएस-६ नियम आले, बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर बसला आणि कार्बोरेटर फुंकून साफ करायची कला त्यांच्यापुरती संपली. इंजेक्टरची भोकं केसाइतकी बारीक. पेट्रोलचा चिकटा त्यात बसला की फवाऱ्याऐवजी धार लागते.

“हा घासाचा नसते जी, काका,” तो म्हणाला. “याले आंघोळ घालाची.”

पोळ्यांच्या डब्याएवढं स्टीलचं टाकं, त्यात कोमट पाणी आणि साबणासारखं काहीतरी. त्याने आधी ते नुसतंच पाच मिनिटं चालवलं. पाण्यात विरघळलेली हवा निघून जावी लागते, नाहीतर ती उशीसारखी मध्ये येऊन मार अडवते. मग इंजेक्टर जाळीत टांगला, वायरीचं टोक पाण्याबाहेर. बटण दाबताच टाकं सर्रर्र करू लागलं आणि बाकाखाली झोपलेला कुत्रा उठून थेट रस्त्यापलीकडच्या पानठेल्याशी जाऊन बसला.

त्याचं बरोबरच होतं. टाक्याच्या बुडाला चिकटवलेल्या चकत्या सेकंदाला ४० हजार वेळा थरथरतात. माणसाचे कान २० हजारांवर हात टेकतात, कुत्र्याचे ४५ हजारांपर्यंत जातात. आम्ही ऐकत होतो ती फक्त आतल्या बुडबुड्यांची कुरकुर.

खरी गंमत या बुडबुड्यांतच आहे. थरथरीने पाणी क्षणभर ताणलं जातं, तुटतं, तिथे डोळ्याला दिसणार नाही एवढी पोकळी होते आणि दुसऱ्याच क्षणी ती मिटते. मिटते कसली, कोसळते! आत क्षणभर हजारो अंशांचा ताप, आणि जवळ धातू असेल तर त्याच्यावर पाण्याची सुईएवढी पिचकारी. सेकंदाला अशा असंख्य पिचकाऱ्या, आणि जिथे पाणी शिरतं तिथे त्याही शिरतात. जहाजांचे पंखे असेच कुरतडले जात. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली या कोसळण्याचं गणित मांडलं. म्हणजे जहाजाचं दुखणं, तेच आमच्या इंजेक्टरचं औषध.

मला पटेना, म्हणून मेकॅनिकने जेवणाच्या डब्यातला पोळ्यांचा चंदेरी कागद पाण्यात धरला. मिनिटभरात त्याची चाळण! मी बोट मागे घेतलं. पाचूची अंगठीही यात टाकू नये म्हणतात. पाचूच्या भेगांत भरलेलं तेल निघून जातं आणि दागिन्याचं खरं वय कळतं. आपल्यापैकी कितीजण या टाक्यात उतरायला तयार होतील, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

“यात पितळी गुंड मावेल का रे?”

त्याने टाक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तेवढं टाकं घेतलं तं गॅरेज विकावं लागन जी.”

तेवढ्यात कुत्रा रस्ता ओलांडून परत आला आणि बाकाखाली अंग मुडपून पडला. आम्ही दोघंही टायमर वाजायची वाट पाहत होतो. वाकून पाहिलं, तर मघाशीच लाइट गेलेली.