शिरस्त्राणाचे स्थलमाहात्म्य

पुण्याच्या दुचाकी-संस्कृतीचा अभ्यास करू पाहणाऱ्यास पहिल्याच चौकात असे आढळते की, हेल्मेटचा डोक्याशी असलेला संबंध नित्य नसून नैमित्तिक आहे, म्हणजे तो पोलीस दिसताच उत्पन्न होतो आणि चौक ओलांडताच लय पावतो. एरवी हे शिरस्त्राण डाव्या कोपरात, आरशावर किंवा पेट्रोलच्या टाकीवर वास करते. आणि गाडी घसरल्यास निदान कोपराला तरी इजा होत नाही, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य करावे.

मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 129 चालक व मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक करते आणि पगडीधारी शिखांना त्यातून वगळते. पुणेरी पगडीचा तेथे उल्लेख नाही, ही उणीव अद्याप कोणा अस्मितावादी मंडळाच्या लक्षात आलेली दिसत नाही. कोपराची पूर्वकल्पना मात्र कायदेकर्त्यांना असावी, कारण हेल्मेट पट्ट्याने डोक्यावर घट्ट बांधलेले हवे, असा खुलासा त्यांनी कलमातच करून ठेवला आहे.

1 जानेवारी 2019 पासून शहरात हेल्मेटसक्ती कडक झाली, तेव्हा विरोधार्थ कृती समिती उभी राहिली आणि आक्षेप हेल्मेटला नसून सक्तीला आहे, असा सूक्ष्म भेद मांडला गेला. हा भेद नैयायिकांना शोभणारा असला, तरी रस्त्याच्या दुभाजकाला तो समजावून सांगण्याची सोय नाही. शहरातील कोंडीत वेगच नसतो, मग हेल्मेट कशाला, हा दुसरा युक्तिवाद अधिक लोकप्रिय असला, तरी त्यात गुरुत्वाकर्षणाचा विचार राहून गेला आहे. दीड मीटर उंचीवरून खाली येणारे डोके, गाडी जागेवर उभी असली तरी, ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाने डांबरावर आपटते. कवचाखालचा थर्मोकोलच्या जातीचा थर अशा वेळी स्वतः चेपला जातो, आघाताचा क्षण लांबवतो आणि कवटीवरचा भार घटवतो. म्हणूनच एकदा आपटलेले हेल्मेट, बाहेरून कितीही चकचकीत दिसले तरी, बाद समजावे लागते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या 50,029 जणांचा दुचाकी अपघातांत मृत्यू झाला आणि त्यांपैकी 14,337 जण मागे बसलेले होते. केस गळणे, मान अवघडणे आणि मागचा हॉर्न ऐकू न येणे या तक्रारींची अशी मोजदाद उपलब्ध नाही. शिवाय हॉर्न ऐकून बाजूला होण्याची प्रथा या शहरात केव्हा होती, हे संशोधनाअंतीच ठरेल.

सायकल हे मोटार वाहन नसल्याने सायकलस्वारावर कलम 129 ची सक्ती नाही, आणि बहुधा त्याच कारणाने रविवारी पहाटे सिंहगडाकडे निघणारे सायकलस्वार हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली काटेकोर आवळतात. त्यांपैकीच एखादे गृहस्थ नऊच्या सुमारास घरी परततात, ते हेल्मेट खुंटीला अडकवतात आणि जिलबी आणण्यासाठी उघड्या डोक्याने स्कूटरला किक मारतात.