टायरअण्णा

उदगीरला प्रत्येक विषयाचा एक अण्णा असतो. बोअरला पाणी कुठं लागेल हे तळहातावर नारळ ठेवून सांगणारा एक, सोयाबीन आज विकावं की दिवाळीनंतर हे सांगणारा दुसरा, आणि तुमचं पोरगं दहावी व्हायच्या आत त्याला लातूरच्या कोणत्या क्लासला घालायचं हे ठरवून टाकणारा तिसरा. सल्ला चुकला म्हणून यांच्या दारातली गर्दी कमी झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही. अलीकडं त्यात एका नव्या अण्णाची भर पडली आहे. ते टायरअण्णा. तुमच्या गावातही एखादे असतील. नसतील तर चारपदरी रस्ता होऊ द्या, उगवतील.

टायरअण्णांचं वय चाळिशीच्या आसपास. कृषी सेवा केंद्र चालवतात. खिशाला पेन असतं तिथं त्यांच्या हवा मोजायचं गेज असतं. तुम्ही गाडीतून उतरलात की अण्णा तुमच्या तोंडाकडं बघत नाहीत, थेट पुढच्या चाकाशी वाकतात. पाहुण्यारावळ्यांतली म्हातारी माणसं त्याला नमस्कार समजून आशीर्वाद देऊन बसतात. अण्णा तो आशीर्वाद घेतात आणि उठता उठता म्हणतात, “काका, गाडी आतल्या बाजूनं टायर खातीय. अलाइनमेंट करा.”

अण्णांची स्वतःची गाडी स्विफ्ट. कंपनीनं तिला दिलेली टायरं १८५/६५ आर १५ मापाची होती. कंपनीनं दिलेल्या टायरावर गाडी चालवणं अण्णांना पत्रिका न बघता लग्न केल्यासारखं वाटतं. त्यांनी १९५/५५ आर १६ बसवायचं ठरवलं आणि हा निर्णय अख्ख्या गल्लीला समजावून सांगितला. १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ५५ इतकी टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल आणि १६ म्हणजे रिम सोळा इंची. गंमत अशी, की गणित केलं तर दोन्ही चाकांची एकूण उंची जवळपास सारखीच भरते, ६२१ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे मीटर खोटं बोलत नाही. फरक पडतो तो भिंतीत. जुन्या टायरची भिंत १२० मिलिमीटर, नव्याची १०७. भिंत बुटकी झाली की वळणावर टायर लवत नाही, स्टेअरिंग फिरवलं की गाडी लगेच ऐकते.

“तेरा मिलिमीटरचा खेळ हाय सगळा,” अण्णा म्हणाले.

ते तेरा मिलिमीटर म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली गादी होती, हे अण्णांना माहीत नव्हतं असं नाही. पण शौकाच्या माणसाला माहिती असून उपयोग नसतो.

पुढं माप ठरलं, तरी टायर ठरायला पावसाळा संपला. एकेका कंपनीचा इतिहास निघाला. सिएट मूळची इटलीतल्या तुरीनची, हे ऐकून कट्ट्यावरचा एक जण दुखावला. तो तिला आजवर भांडुपची समजत होता. गुडइयरचा कारखाना आपल्या वाळूजला आहे, म्हणजे मराठवाड्याचा माल, असा एक भावनिक मुद्दा आला. त्यावर अण्णांनी चार्ल्स गुडइयरची गोष्ट सांगितली. गंधक घालून रबर तापवायची युक्ती त्या माणसानं शोधली, १८४४ मध्ये पेटंट मिळवलं आणि १८६० मध्ये तो कर्जात बुडून मेला. त्याच्या नावाची कंपनी निघाली १८९८ मध्ये, आणि तीही दुसऱ्याच लोकांनी काढली. वहिनी आतून चहा घेऊन येत होत्या. म्हणाल्या, “अर्धी गोष्ट तर आपल्याकडं घडलालीच आहे. फक्त कंपनी निघायची राह्यलीय.”

अण्णांना हवं होतं ते मऊ रबराचं टायर. याचं शास्त्र ते असं सांगतात: मऊ रबर रस्त्याला धरतं आणि लवकर संपतं; कडक रबर टिकतं आणि वेळेला दगा देतं. अमेरिकेच्या हिशोबानं टायरवर झिजेचा एक आकडा छापलेला असतो. रोजच्या टायराचा तीनशे-चारशेच्या पुढं, ट्रॅकवर पळवायच्या टायराचा दोनशे किंवा त्याच्याही खाली. ट्रॅकच्या टायराला नक्षीही कमी, कारण नक्षी म्हणजे खाच आणि खाचेत रबर नसतं. कोरड्या रस्त्यावर ते टायर घोरपडीवाणी चिकटतं. पाणी साचलेल्या रस्त्यावर मात्र खाचाच पाणी बाहेर फेकतात. त्या नसल्या की टायर पाण्यावर तरंगतं आणि ब्रेक, स्टेअरिंग ही नुसती शोभेची वस्तू होते. शिवाय अशी टायरं तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. उदगीरच्या मे महिन्यात ती अडचण येणार नाही, एवढी एक सोय.

या ज्ञानाचा अण्णा इतिहासालाही लाभ देतात. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला जेरीला आणलं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत पानिपत झालं. असं का झालं, यावर इतिहासकारांनी पुस्तकं लिहिली. अण्णांचं निदान एका ओळीचं आहे: “उदगीर कोरड्या रस्त्यावरची लढाई होती. वर गेले तर यमुनेला पूर. भाऊंची वेट-ग्रिप गेली.”

साहित्यही यातून सुटलं नाही. एप्रिल २०२२ मध्ये ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला उदयगिरी महाविद्यालयाच्या मैदानावर भरलं. अध्यक्ष भारत सासणे. गावातली माणसं मंडपात गेली, अण्णा पार्किंगमध्ये गेले. संध्याकाळी त्यांचा अभिप्राय ऐकायला मिळाला. “कवींची टायरं पार टकली. कादंबरीवाल्यांची बरी हाईत. समीक्षकांची नवीन हाईत, पण हवा जास्त हाय.”

ट्रॅकचा प्रश्न कुणी विचारला की अण्णा जरा गंभीर होतात. उदगीरहून ट्रॅक कुठलाच जवळ नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक आहे, ३.७ किलोमीटरचा. कोइम्बतूरला कारी स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा. दिल्लीपलीकडं ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, तिथं २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वर्षं व्हेटेलच जिंकला. अशा ट्रॅकवर काही दिवस हौशी माणसांना पैसे भरून स्वतःची गाडी पळवता येते. पण तिथवर जायचं म्हणजे टायर नेऊन पोचवण्यातच निम्मं झिजायचं. खरे शौकीन ट्रॅकची टायरं गाडीत घालून नेतात आणि तिथं गेल्यावर बदलतात. स्विफ्टमध्ये चार टायरं घातली की वहिनींना जागा राहत नाही. वहिनींची या योजनेला काही हरकत नव्हती. हरकत अण्णांचीच होती, कारण डबा वहिनी करतात.

त्यातल्या त्यात हैदराबाद जवळ. ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेनसागरच्या काठी रस्त्यावरच ट्रॅक करून फॉर्म्युला ई झाली, विजेवरच्या गाड्यांची. अण्णा गेले होते. लोक गाड्यांना आवाज का येत नाही म्हणून हळहळत होते, अण्णा हॅन्कूकच्या टायराकडं बघून गहिवरले होते. शर्यतीची गाडी आणि टायराला चक्क नक्षी! ऊन असो, पाऊस असो, एकच टायर. “म्हंजे आपल्यासारखंच की,” असं ते परत येईपर्यंत म्हणत होते. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली. अण्णांनी ते सुतक घरातल्यासारखं पाळलं.

अण्णांना घेऊन टायर खरेदीला जाणं हा एक प्रसंग असतो. माझ्या वॅगनआरला दोन टायरं घ्यायची होती. दुकानदारानं टायर गडगडत पुढं आणलं. अण्णांनी बाजूच्या भिंतीवरून अंगठा फिरवत नेला आणि एका लांबोळ्या चौकटीपाशी थांबवला. आत चार आकडे होते, २३२२. “बावीस सालचा तेविसावा आठवडा. जूनचा माल हाय. मृग निघालेलं, पेरणी चाललेली.”

“अण्णा, रबर हाय, पेढा नव्हं,” दुकानदार म्हणाला.

“रबरबी शिळं होतंय, मालक. आतलं दाखवा.”

आतलं आलं, ताजं निघालं. मग खरा वाद पेटला. नवी दोन टायरं कुठं घालायची? दुकानदार म्हणाला पुढं, दुकानातला पोरगा म्हणाला पुढं, शेजारी चहा पीत बसलेला टेम्पोवालाही म्हणाला पुढं. इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं, ओढतात पुढची चाकं. अण्णा म्हणाले, “मागं.” दुकानात शांतता. अण्णांनी समजावलं: ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळायची सोडून सरळ जाते, पाय सैल सोडला की पुन्हा धरते. मागची घसरली तर गाडी जागच्या जागी गरकन फिरते, आणि मग तुमच्यासारख्याच्या हातात काही राहत नाही. हे ‘तुमच्यासारख्याच्या’ त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं. टायर कंपन्याही हेच सांगतात. टायरं मागं बसली. टेम्पोवाला चहा अर्धा टाकून स्वतःची मागची चाकं बघायला उठला.

आणि इथंच अण्णांबद्दल थट्टा करता करता जीभ अडखळते. काळ्या-पिवळ्या जीपवाल्यांना टायरच्या खाचेतली ती बारकी आडवी पट्टी त्यांनीच दाखवून दिली. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की १.६ मिलिमीटर उरलं, आणि त्याखाली चारचाकी रस्त्यावर आणणं कायद्यात बसत नाही. भिंतीला फुगा आलेलं टायर त्यांनी भर चौकात एकाला बदलायला लावलं, तो शिव्या देत असताना. हवा सकाळी, गाडी हलायच्या आत मोजायची आणि ती ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेल्या कागदावर लिहिलीय तेवढीच भरायची, हे आता गावात बऱ्याच जणांना पाठ आहे. नायट्रोजनवर मात्र त्यांची दोन मतं आहेत. लोकांना सांगतात, हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट मिळतो, उरलेल्या बावीससाठी पैसे कशाला मोजता? स्वतः नायट्रोजनच भरतात; कारण विचारलं तर म्हणतात त्यात ओल नसते. पंक्चरवाला मामू त्यांना लांबून बघूनच हात जोडतो. “अण्णा, चाय पीके जाव, हवा देखके जाव, मगर मेरे गेज को झूटा नक्को बोलो.”

अखेर टायरं आली. फार मऊ नाहीत, फार कडक नाहीत, नक्षी बेताची. वर्गवारी ८७ व्ही. ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो वजन चालेल, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत टायर जबाबदारी घेईल. त्या हिशोबानं तासाभरात हैदराबाद. अण्णांच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, टायरभोवती एक चक्कर मारली, काठीनं टोचून बघितलं आणि विचारलं, “माझ्या ट्रॅक्टरला मागचं कधी टाकतोस?” अप्पांच्या ट्रॅक्टरचं मागचं टायर १३.६-२८, वजनासाठी आत पाणी भरलेलं, आणि कट गेलेल्या जागी आतून पॅच. अण्णा म्हणाले, “बघलालाव की, अप्पा. त्याच्यात कंपाऊंडचा विषय हाय.”

नवी टायरं आल्यापासून अण्णा उदगीरमधले सगळ्यात सावकाश गाडी चालवणारे गृहस्थ झाले. ताशी २४० ची टायरं चाळीसच्या वर जात नाहीत. पुढं डांबराचा रंग बदलला तरी ते उतरून बघून येतात. गतिरोधक तिरपे ओलांडतात, एकेक चाक उतरवत. मागून सायकलवाला घंटी वाजवतो. वळणं मात्र त्यांना आवडतात, वळणावर पस्तीसला ते डोळे बारीक करतात आणि म्हणतात, “धरलालंय. कळलालंय का तुम्हाला?” मला काही कळत नाही. पण शेजारी बसलेल्यानं ‘हो’ म्हणायचं असतं.

ऑक्टोबरात आम्ही बीदर रोडला निघालो होतो. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, अण्णा खुशीत. पहिल्यांदाच काटा पन्नाशीला लागला. वळण घेतलं आणि समोर अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं, कडेनं दगड मांडलेले. मोकळ्या अर्ध्यातून ट्रक येत होता. अण्णांनी गाडी सोयाबीनवर घातली आणि ब्रेक दाबला. पायाखाली पेडल करकर करकर वाजलं. पावसाळाभर निवडलेलं रबर, त्याखाली सोयाबीनचे दाणे, त्याखाली डांबर. रबराची आणि डांबराची भेट काही झाली नाही. गाडी कुणीतरी ढकलत नेल्यासारखी संथ, सरळ पुढं गेली आणि राशीशेजारी फडकं बांधून बसलेल्या मावशीपासून चार हातांवर थांबली.

मावशी उठली नाही. “टायर धुऊन आणलास का रं? माल घाण करशील माझा.”

अण्णा उतरले. गाडीभोवती फिरले. खाली वाकून एकेका टायरच्या खाचेतून दाणे काढत म्हणाले, “सोयाबीनसाठी कंपाऊंडच नाही कुणाकडं.” मग काहीतरी सुचल्यासारखं मावशीकडं वळले. वाळका दाणा जास्त गडगडतो की ओला, हा प्रश्न त्यांना पडला असणार.

“ओल किती हाय, मावशी?”

मावशी सावरून बसली. तिला वाटलं, आडतवाला आहे. “बाराच आलीय काल. तू काय भावानं घेतोस ते सांग की.”

अण्णांनी टायरातून निघालेला एक दाणा शर्टाला पुसला, दाढेखाली धरून फोडला आणि सवयीनं सांगून टाकलं, “चौदा हाय.”

“चौदा कुठली रं? तुझ्या टायरची ओल लागली असंल त्याला.”