खोलायचं तर बुलेटच!

चामोर्शीत इंजिन खोलून शिकायची हौस एखाद्या पोराने बोलून दाखवली की चहाच्या टपरीवर सल्लागार मंडळ भरतं. पहिला ठराव बुलेटचा. कारण? आवाज! दुसरा आरएक्स १००चा. टू-स्ट्रोक, कॅम नाही, टॅपेट नाही, म्हणजे शिकायला खरंच सोपी. पण नव्वदच्या दशकात बंद झालेल्या या गाडीला आज शौकिनांनी असा भाव चढवलाय, की स्क्रू फिरवण्याआधी बँकेत जावं लागेल.

स्प्लेंडरचं नाव कोणीच घेत नाही. ९७.२ सीसी, एकच सिलिंडर, वर कॅम, तो फिरवणारी टायमिंग चेन. चेन बसवताना स्प्रॉकेटचा एक दात चुकला की इंजिन कुरकुरतं आणि चार स्ट्रोकचं गणित पुस्तकाशिवाय कळतं. पिस्टन, रिंगा, गॅस्केट कुठेही मिळतात. रोवणीत पऱ्हे वाहणारी, महाशिवरात्रीला अख्खं कुटुंब मार्कंड्याला नेणारी हीच. पण तिच्या उघड्या इंजिनाशेजारी फोटो काढून भाव कोण खाणार?

घरचे मात्र तिची किंमत ओळखून आहेत. पोराच्या हातात पाना दिसला की आधी किल्ली लपवतात. "चालू गाडीले हात लावू नको बाप्पा, भंगारातली आण!"