आर्ट्स नाही काका, इकॉनॉमिक्स

वडवणीत पोरगं बारावीला गेलं की त्याच्या बापाला स्टँडवरच्या हॉटेलात एकच प्रश्न विचारतात, "नीट का जेईई?" उत्तराला उशीर झाला तर पुढचा प्रश्न, "मग भरती?" या दोन प्रश्नांत तालुक्यातली सगळी लेकरं मावतात. नीटवाला लातूरला, जेईईवाला संभाजीनगरला आणि भरतीवाला पहाटे चारला बीड-परळी रोडच्या कडेनं पळत. पण दोन-तीन वर्षांतून एखादा नमुना असा निघतो, की तो या मापात बसत नाही. तो म्हणतो, "इकॉनॉमिक्स."

हॉटेलात मिनिटभर कुणी बोलत नाही. मग एखादं जाणतं माणूस बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतं, "म्हंजे आर्ट्सच ना? असू द्या. आर्ट्सवालेबी कलेक्टर व्हायलेत." मयताला गेल्यावर ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात.

"आर्ट्स नाही काका, इकॉनॉमिक्स. गणित असतं त्यात," पोरगं म्हणतं. हे वाक्य तो पुढची तीन वर्षं म्हणणार असतो.

त्याचं नाव सांगत नाही, कारण तो एक नाही. मी आजवर चार पाहिले आणि चौघांची कुंडली सारखीच. बहुतेक वेळा तो लातूरहून परत आलेला असतो. अकरावीत जीवशास्त्राच्या वहीत बेडकाची पचनसंस्था काढता काढता त्याच्या लक्षात येतं, की प्राण्याच्या पोटात काय जातं यापेक्षा ते कुणाच्या खिशातून जातं, यात आपल्याला जास्त गोडी आहे. तो पेटी घेऊन घरी येतो. दादा, म्हणजे त्याचे वडील, विचारतात, "हे क्लासची फीस भरायच्या आधी कामून न्हाई सांगितलं?"

"दादा, ती संक कॉस्ट आहे. बुडीत खर्च. पुढचा निर्णय घेताना तो मनात धरायचा नसतो."

त्या दिवशी दादांनी पायातली चप्पल काढली होती, असं शेजारचे सांगतात. दादा म्हणतात, खडा गेला होता.

मग सुरू होतात फॉर्म. तहसीलकडं जाताना जे ऑनलाइन सेंटर लागतं, तिथल्या पोरानं आयुष्यात हजारो अर्ज भरलेले असतात: पीकविमा, पॅन, शिष्यवृत्ती, पोलीस भरती. त्यानं 'सीयूईटी' हा शब्द स्क्रीनवर वाचला आणि म्हणाला, "भाऊ, एक यू जास्त पडलाय. सीईटी असती." मग आमच्या इकॉनॉमिक्सवाल्यानं त्याला शिकवलं, की २०२२ पासून दिल्ली विद्यापीठ बारावीचे गुण बाजूला ठेवून या परीक्षेवर प्रवेश देतं, पेपर मराठीतूनही देता येतो, आणि ऑनर्सच्या अर्थशास्त्राला गणिताचा पेपर द्यावाच लागतो. सेंटरवाल्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दिल्लीला ज्वारीची भाकर मिळती का?" चौघांपैकी एकालाही याचं उत्तर देता आलेलं नाही.

दिल्लीचं श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स हे त्याचं दैवत. २०२१ साली तिथली अर्थशास्त्राची पहिली यादी शंभर टक्क्यांवर लागली होती, ही गोष्ट तो इतक्या भक्तिभावानं सांगतो, की आईनं एकदा विचारलं, "शंभरपैकी शंभर पडल्यावर शिकायचं काय ऱ्हातंय?" दुसरा फॉर्म आयआयएम इंदूरचा. तिथं २०११ पासून बारावीनंतरच पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिसरा पुण्याच्या गोखले संस्थेचा. चौथा, पाचवा आणि सहावा कुठला, हे फक्त त्याला आणि सेंटरवाल्याला माहीत. प्रत्येक फॉर्मची फी वेगळी. दादांनी विचारलं, "एकाच ठिकाणी जायचंय तर सहा तिकिटं कामून काढायलास?" त्यानं जोखीम वाटून घेण्यावर दहा मिनिटं भाषण दिलं. दादांनी त्या वर्षी रानात कापूस, सोयाबीन, तूर आणि बांधाला चार ओळी मूग लावला होता. ते काही बोलले नाहीत.

कागदपत्रांचा अध्याय मी थोडक्यात उरकतो, कारण तो ज्यानं भोगला त्यालाच कळतो. महाराष्ट्रात एनटी-ड असलेला पोरगा दिल्लीच्या फॉर्मात ओबीसी होतो आणि त्याला नॉनक्रिमीलेयर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. राज्याच्या नमुन्यातलं आणलेलं असतं, त्यामुळं पुन्हा अर्ज, पुन्हा शिक्का. आज्जीनं काळजीनं विचारलं, "जात बदलली का रे लेकरा?" "न्हाई गं, फॉर्मात तेवढी." उत्पन्नाच्या दाखल्यावर मात्र घरात अख्खी संध्याकाळ गेली. उत्पन्न किती, हा प्रश्नच नव्हता. किती सांगायचं, हा होता.

या काळात तो प्रवेशाच्या आधीच अर्थतज्ज्ञ झालेला असतो. खोलीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. कुणी 'आर्ट्स' म्हटलं की तो विचारतो, "बाबासाहेबांची कोलंबियाची पीएचडी कशात होती? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची १९२३ची डी.एस्सी.? रुपयाच्या प्रश्नावर होती काका, रुपयाच्या!" हॉटेल गप्प होतं. एकदा एका म्हाताऱ्यानं मात्र चहा संपवून शांतपणे म्हटलं, "व्हय, पण बॅरिस्टरबी झालेच की. अर्थशास्त्र असलं तरी प्रपंचाला दुसरं कायतरी लागतंय, हे त्यांना ठावं होतं."

घरात त्याचा पहिला प्रयोग कापसावर झाला. २०२२ साली कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात सगळ्या गावानं तो भाव मनात धरून कापूस घरात भरून ठेवला आणि भाव उतरत गेला. कापसावर झोपून अंगाला खाज सुटली, पण दहा हजार काही परत आले नाहीत. हे सगळं झाल्यावर पोरगं म्हणालं, "याला अपेक्षांचा सिद्धांत म्हणतात." दादा म्हणाले, "हे कापूस भरायच्या आधी सांगितलं असतं तर त्याला ज्ञान म्हणले असते."

शेवटी दिल्लीची यादी थोडक्यात हुकली (एका चुकलेल्या उत्तराला एक गुण कापतात, आणि आमच्या गड्याला मोकळा रकाना बघवत नाही) आणि मी सांगतोय तो, चौघांतला चौथा, पुण्याला लागला. रात्रभर एसटी, पहाटे पुणं. बीडला रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ला, म्हणजे याच्या आज्यानं तिची वाट बघायला सुरुवात केल्यावर दोन पिढ्यांनी.

गोखले संस्था १९३०ची, रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून उभी राहिलेली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. ग्रंथालयालाही त्यांचंच नाव आहे. आमचा गडी तिथं गेला तो पैशाचं गुपित शिकायला, आणि पहिल्या सत्रात पैसा कुठंच दिसेना. नुसतं गणित. दादांचा दर रविवारी फोन.

"पैशाचं काय शिकवलं का आजून?"

"न्हाई दादा. सध्या लॅग्रांज चालू आहे."

"कोणतं पीक आहे ते?"

"पीक न्हाई. हातात आहे तेवढ्यात जास्तीत जास्त कसं भागवायचं, त्याचं गणित."

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आईला दे म्हणावं शिकवायला. पुण्याला कशाला ठेवलंय तुला!"

पहिल्या दिवाळीला तो आला तेव्हा खरी मजा झाली. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडी, गोधड्या, पत्र्याची पेटी, कोंबड्या आणि वर लेकरं. गल्लीच्या तोंडाशी मुकादम डायरी घेऊन बसलेला, कोयते मोजत. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, आमच्याकडं नाही. इकॉनॉमिक्सवाला त्याच्यापाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "मामा, तुमची उचल म्हणजे दोन बाजार आहेत. एक कर्जाचा, एक मजुरीचा. ते एकमेकांत अडकलेत."

"अडकलो तर मी हाय लेकरा," मुकादम म्हणाला. "कारखान्याचा पैसा माझ्या नावावर, आन गेल्या साली दोन कोयते उचल घेऊन पळाले."

"त्याला मोरल हॅझर्ड म्हणतात."

"आम्ही त्यांला आडनावानं वळखतो."

पोरगं हटलं नाही. सहकारी साखर कारखाना महाराष्ट्रात कसा उभा राहिला हे त्यानं सांगितलं: प्रवरानगर, १९५०चा पहिला गळीत हंगाम, विठ्ठलराव विखे पाटील, आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष "आमचे गाडगीळ." तीन महिन्यांत गाडगीळ 'आमचे' झाले होते. मुकादमानं डायरी मिटली. "म्हंजे आमच्या माणसांच्या हातात कोयता देणारा तुझ्याच कॉलेजातला व्हय? अन् तू हिथं मला इचारायलास!"

सगळे हसले. ट्रॉलीत बसलेली एक बाई हसली नाही. तिनं तिथूनच विचारलं, "लेकरा, आजारी पडलं तर खाडा धरतेत, वर दंड. त्या खाड्याला काय म्हणतेत तुझ्या पुस्तकात?"

त्याच्याकडं शब्द नव्हता. त्यानं शोधलाही नाही, याचं मला बरं वाटलं. ट्रॅक्टर सुरू झाला. तो बराच वेळ तिथंच उभा होता.

संध्याकाळी मात्र गडी पुन्हा रंगात. ओसरीवर आबा, म्हणजे आजोबा, सुपारी कातरत बसलेले. आबांचं आयुष्य नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैलं घेण्यात आणि विकण्यात गेलं. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारी ती पिढी. नातवानं त्यांना जॉर्ज अकरलॉफचा १९७०चा लेख ऐकवला. जुन्या गाड्यांच्या बाजारात गाडीतली खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना पाडून मागतो. मग चांगल्या गाडीवाला बाजारात येतच नाही, आणि बाजारात उरतो तो सगळा गाळ.

आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "चांगला बैल दावणीवरून कोण सोडतंय? इकायला आला म्हंजे घरात अडचण असती, न्हाईतर बैलात खोड. घरात अडचण असंल तर ती गावाला ठावं असती. गावाला ठावं नसंल, तर बैलात खोड."

पोरानं खिशातून पेन काढलं आणि लिहून घेतलं. "आबा, त्या माणसाला २००१ साली नोबेल मिळालं. आणि हा लेख आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. यात एवढं काय, किरकोळ आहे, असंही म्हणाले."

"ते नेकनूरचे असतील," आबा म्हणाले.

आता तो तिसऱ्या वर्षाला आहे. भाषा थोडी बदलली आहे. 'कामून'च्या जागी 'का' येतं आणि घाई झाली की पुन्हा 'कामून' येतं. स्टँडवरच्या हॉटेलात त्याला आता मान आहे. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव ५३२८ रुपये कसा काढला, हे तो खर्चाच्या सूत्रासह सांगतो. लोक ऐकतात आणि मग बाजारात काय चाललाय ते व्यापाऱ्याला फोन करून विचारतात. नवीन बारावीवाल्यांचे बाप त्याच्याकडं येतात आणि सेंटरवाला तर त्यांना ऐटीत सांगतो, "सीयूईटी म्हणा. यू असतो त्यात."

गेल्या मे महिन्यात तो प्रकल्पाचं काम घेऊन घरी आला. टोळ्या परतल्या होत्या. विषय त्यानंच निवडला होता, उचल आणि खाडे. छापील प्रश्नावली, क्लिपबोर्ड, गळ्यात ओळखपत्र. सवय व्हावी म्हणून पहिला फॉर्म घरीच भरायचा ठरवला. आबा बाजेवर बसले. तो समोर स्टुलावर.

"कुटुंबातील सदस्य?"

"तुला ठावं न्हाईत व्हय?"

"सांगावं लागतं आबा, नियम आहे."

आबांनी मोजून सांगितले. जमीन सांगितली. बैल एकच राहिलाय आणि दुसरा का विकला, तेही सांगितलं. मग तो पानाच्या मधोमध आला.

"कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "कुणाला सांगायचंय ते आधी सांग."

"म्हणजे?"

"तहसीलला सांगायचं असंल तर येगळं. बँकंत सांगायचं असंल तर येगळं. आन तुझ्यासाठी सोयरीक आली, तर त्यांला सांगायचं आणखी येगळं."

आतून आईचा आवाज आला, "माझ्या बचतगटाचं धरू नका त्यात!"

इकॉनॉमिक्सवाल्यानं जरा वेळ प्रश्नावलीकडं पाहिलं. मग कागद आडवा धरला, पट्टी घेतली, आणि त्या एका रकान्याचे चार रकाने पाडले.